कंबर दुखतेय म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी पाय गेले. कॅन्सर वॉर्डात सिस्टरने कशाकशावर लगेच पळायचं?

नवी_सिस्टर_इंदूर

नमस्कार सगळ्यांना. मी इंदूरची, जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) झालंय, ४ वर्षं जनरल मेडिसिनला काढली आणि आता २ महिन्यांपासून कॅन्सर वॉर्डात आहे, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. एक गोष्ट घडलीय, डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय, लांब झालं तर माफ करा.

खरगोनकडचे एक काका होते, पासष्टीच्या आसपासचे, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलेला. पहिल्या रात्री मला म्हणाले, "बेटा, लेटूं तो कमर ज्यादा दुखे, बैठूं तो ठीक." रात्रभर पलंगाला उशी लावून बसूनच होते. मी आरएमओला (ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) सांगितलं, त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं, मी दिलं, चार्टवर "कंबरदुखी, इंजेक्शन दिलं" एवढंच लिहून सकाळी हँडओव्हर दिला आणि घरी गेले. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, पुन्हा इंजेक्शन. पाय जड वाटतायत असंही म्हणाले होते पण मी म्हटलं, काका, दोन दिवस पलंगावर आहात ना म्हणून. तिसऱ्या दिवशी पहाटे बाथरूमला जायला उठले आणि दोन पावलांवर एका पायातली चप्पल निसटून मागेच राहिली, त्यांना कळलंच नाही. पाय उघडा फरशीवर. मी म्हटलं काका चप्पल, तर माझ्याकडे बघून म्हणतात, "पहन तो रखी है." तिथे माझ्या पोटात गोळा आला. विचारलं तर रात्रीपासून लघवी नाही, ओटीपोट तट्ट फुगलेलं. एमआरआय झाला, डी १० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याजवळ, कॉर्ड (मज्जारज्जू) दबलेली निघाली. डेक्सा (सूज उतरवणारं स्टेरॉइड) आणि शेक (रेडिएशन) लगेच सुरू झाले पण काका अजून उभे राहू शकत नाहीत.

मला कोणी काही बोललं नाही. पण दोन रात्री ते मलाच सांगत होते ना.

आता प्रश्न. इमर्जन्सी मी पण शिकलेय, परीक्षेत लिहिल्यात. पण पुस्तकात आजाराचं नाव वर असतं आणि लक्षणं खाली, इथे पेशंट खालूनच सुरुवात करतो आणि तीही "जरा", "थोडंसं" असं म्हणून. तर जुन्या सिस्टर्सनी सांगा की कोणतं वाक्य ऐकलं की हातातलं काम टाकून पळायचं, आणि रात्री २ वाजता डॉक्टरला उठवून नेमकं काय बोलायचं?

---

जुनी_सिस्टर_राजेंद्रनगर

अगं, आधी हे सांगते की तू पाय गेल्यावर का होईना चपलेवरून ओळखलंस आणि त्याच तासात एमआरआय झाला, हेही सगळीकडे होत नाही. पण खरं ते खरं, पहिल्या रात्रीचं दुखणं हाच इशारा होता आणि तो चुकला, तुझ्याकडून आणि इंजेक्शन लिहिणाऱ्याकडूनही. मी २६ वर्षं याच कामात आहे, माझ्याकडूनही सुरुवातीला एक बाई अशाच गेल्या, पायाने म्हणतेय मी, जीव होता. अजून त्यांचा पलंग नंबर आठवतो.

स्पायनल कॉर्ड दबते तेव्हा दहातल्या जवळजवळ नऊ जणांना सगळ्यात आधी पाठ किंवा कंबरच दुखते, कधी कधी कितीतरी आठवडे आधी. पाय जड होणं त्यानंतर, मुंग्या आणि बधिरपणा त्याच्या आगेमागे, आणि लघवी अडणं शेवटी. म्हणजे लघवी अडेपर्यंत थांबलो तर गाडी गेलेली असते. आणि साधी कंबरदुखी आडवं पडलं की कमी होते, ही आडवं पडलं की वाढते, खोकलं, शिंकलं, संडासला जोर केला की कळ जाते, रात्री झोपू देत नाही, काही जण पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं सांगतात. प्रोस्टेट, स्तन, फुप्फुस, मायलोमा (अस्थिमज्जेचा कॅन्सर), यातला पेशंट रात्री बसून दिसला की मी पहिला प्रश्न हाच विचारते की काका, झोपत का नाही.

मग तिथल्या तिथे दोन मिनिटांचं काम. दोन्ही पाय सरळ उचलायला सांग, तळव्याने माझा हात दाब म्हण, दोन्ही बाजूंचा जोर सारखा आहे का बघ. डोळे मिटायला सांगून कापसाने पावलापासून वर वर जा आणि कुठून कळायला लागतं ते विचार. शेवटची लघवी किती वाजता, शौचाच्या जागी बधिर वाटतं का, हे लाज न बाळगता विचारायचं, आपल्याकडची म्हातारी माणसं आपणहून हे कधीच सांगणार नाहीत. आणि सगळं वेळ घालून लिहायचं.

तोपर्यंत पेशंट पलंगावर सपाट, उठवायचं नाही, वळवायचं तर लॉग रोल, तिघीजणींनी मिळून, मान पाठ कंबर एका रेषेत. एमआरआय पूर्ण स्पाइनचा हवा कारण दुखतं एका जागी आणि दाब दुसऱ्याही लेव्हलला असू शकतो. डेक्साची ऑर्डर आली की पटकन ढकलू नकोस, हळू दे, नाहीतर खाली गुप्तांगाजवळ एकदम आग होते, पेशंट किंचाळतो आणि घाबरतो, आधी सांगून ठेव. आणि साखर बघत राहा, डेक्सावर डायबेटिस नसलेल्यांचीही चढते.

या सगळ्या घाईचं कारण एकच, उपचार सुरू होताना जो चालत असतो तो बहुतेक वेळा चालत राहतो, ज्याचे पाय आधीच गेलेत त्याचे परत येणं फार अवघड.

रात्री २ ला फोन. "सर, पेशंटला दुखतंय" असं म्हणायचं नाही, त्यावर इंजेक्शनच येणार, ते झोपेत आहेत. असं म्हण: "सर, बेड ७, प्रोस्टेट, हाडात मेट्स, २ दिवस कंबर दुखतेय, आडवं पडल्यावर वाढते, काल स्वतः बाथरूमला जात होते, आज उजवा पाय उचलत नाहीयेत, ६ तास लघवी नाही. मला कॉर्ड कॉम्प्रेशनची शंका आहे, तुम्ही येऊन बघा." काल काय होतं आणि आज काय आहे हे एका दमात. आणि शंकेचं नाव आपण घ्यायचं, ते डॉक्टरांचं काम म्हणून गप्प बसायचं नाही. नाही आले तर कन्सल्टंटला फोन, आणि तसं त्यांना सांगून.

---

डेकेअर_नाइटवाली

मी डे-केअरला आहे, इंदूरलाच. ताईंनी पाठीचं सांगितलंच आहे, मी तापाचं सांगते कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच येतं आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो.

किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत तोंडाचं टेंपरेचर एकदा १०१ आलं किंवा १००.४ तासभर टिकलं, की तो फेब्राइल न्यूट्रोपेनिया (पांढऱ्या पेशी कमी असताना आलेला ताप) धरूनच चालायचं आणि दारातून आल्यापासून ६० मिनिटांच्या आत पहिला अँटिबायोटिक शिरेत गेला पाहिजे. सीबीसीचा रिपोर्ट येऊ दे मग बघू, फाइल बनू दे, आयुष्मानचं अप्रूव्हल येऊ दे, बेड रिकामा होऊ दे, यातच २-३ तास जातात आणि तेवढ्यात पेशंट सेप्टिक शॉकमध्ये. कल्चर (जंतू शोधायला रक्त) आधी घ्यायचं, पोर्ट (किमोसाठी छातीत बसवलेली नळी) असेल तर एक पोर्टमधून आणि एक हातातून, पण कल्चरची बाटली मिळत नाही म्हणून औषध अडवायचं नाही. आम्ही भांडून भांडून पहिला डोस वॉर्डच्या कपाटातच ठेवून घेतलाय, फार्मसीच्या रांगेत नातेवाईक उभा राहत नाही आता.

एएनसी (न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) स्वतः काढता आला पाहिजे, रिपोर्टवर दरवेळी लिहिलेला नसतो. एकूण डब्ल्यूबीसी ९०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे १८०. ५०० च्या खाली धोका, १०० च्या खाली खूपच.

आता जे पुस्तकात एका ओळीत असतं ते. पांढऱ्या पेशीच नाहीत तर पू कुठून होणार, लाली कुठून येणार? छातीत इन्फेक्शन असून एक्सरे स्वच्छ येऊ शकतो, पोर्टची जागा साधी दिसते, लघवीत पस सेल नसतात. ताप हीच एक खूण आणि तीही लपते. देवासकडचा एक मुलगा रात्री ११ ला आला, आई म्हणे "ठंड लग रही थी", टेंपरेचर ९९.२, रिसेप्शनवाल्याने बाकावर बसवून ठेवला. मी हात लावला तर हात थंडगार, नाडी १३८, बीपी ८० वर ४०. आईने निघताना क्रोसिन दिली होती, बसमध्ये अजून एक. बिचारीने चांगल्यासाठीच दिली. तेव्हापासून किमो देऊन घरी पाठवताना मी एकच गोष्ट तीनदा बोलते, की थंडी वाजली किंवा अंग गरम लागलं तर आधी थर्मामीटर, मग फोन, क्रोसिन आमच्याशी बोलल्याशिवाय नाही. स्टेरॉइडवरच्या आणि म्हाताऱ्या पेशंटला तर ताप येतच नाही कधी कधी, नुसते गळून जातात किंवा बरळतात.

काउंट खाली असताना गुदद्वारातून टेंपरेचर नाही, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) नाही, एनिमा नाही, कमरेत इंजेक्शन नाही. जनरल वॉर्डातून आलेल्यांच्या हाताला ती सवय असते म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि हो, रंगपंचमीच्या आसपास किमो झालेल्यांना नीट विचारा कुठे जाणार आहात. दहाव्या दिवशी गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघायला राजवाड्यावर त्या गर्दीत गेलेला पेशंट मी पाहिलाय, दोन दिवसांनी आयसीयूत होता. वाचला, पण महिना गेला.

---

लोकमान्यनगरची_मुलगी

मी नर्स नाही, पेशंटची मुलगी आहे, लिहिलं तर चालेल ना. माझ्या बाबांना मायलोमा आहे. मागच्या वर्षी ४-५ दिवस ते सारखं पाणी मागायचे, सारखी लघवी, पोट साफ नाही, उलटीसारखं व्हायचं आणि मग एके दिवशी आईला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागले. आम्ही सगळे म्हणतोय वय झालं, किमोने अशक्तपणा आलाय, झोपू दे. आत्या म्हणाली इसबगोल द्या. चेकअपला नेलं तेव्हा डॉक्टरच्या आधी तिथल्या सिस्टरनेच विचारलं की पाणी किती पितात आणि हाक मारली तर लगेच उत्तर देतात का, आणि लगेच कॅल्शियम पाठवायला लावलं. १४.२ होतं, म्हणजे खूप चढलेलं. हाडांसाठी चांगलं म्हणून घरी कॅल्शियमची गोळी चालू होती ती कोणी बंद करा म्हणून सांगितलंच नव्हतं. सलाइन आणि एक हाडाचं इंजेक्शन दिलं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाबा पेपर वाचायला लागले. त्या सिस्टरला मी अजून दिवाळीला फराळ नेऊन देते.

तुम्हाला वाईट वाटतंय ते वाचून मला कसंतरी झालं, पण तुम्ही विचारताय हेच आमच्यासारख्यांसाठी खूप आहे.

---

बालवॉर्ड_सिस्टर

वरच्या ताईंच्या बाबांचं अगदी टिपिकल हायपरकॅल्सेमिया, म्हणजे रक्तात कॅल्शियम चढणं. यात एक लक्षात ठेवा, रिपोर्टमधलं कॅल्शियम नॉर्मल दिसलं तरी अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बघा, आपले पेशंट कुपोषित असतात. ४ मधून अल्ब्युमिन वजा करून ०.८ ने गुणायचं आणि ते कॅल्शियममध्ये मिळवायचं, मग खरा आकडा कळतो. बीपीसाठी थायझाइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या नजरेस आणा, तीही कॅल्शियम चढवते. झोलेड्रॉनिक (ते हाडाचं इंजेक्शन) १५ मिनिटांपेक्षा कमी वेळात सोडायचं नाही आणि आरएल सलाइनमध्ये मिसळायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं. आणि त्याचा परिणाम दिसायला २ ते ४ दिवस लागतात, तोवर सगळी भिस्त सलाइनवर.

माझ्याकडे मुलं असतात, एएलएल (रक्ताचा कॅन्सर) आणि बर्किट (एक लिम्फोमा), म्हणून मला भीती ट्यूमर लायसिसची. गंमत अशी की इथे औषध काम करतं म्हणून पेशंट बिघडतो. पेशी फुटतात, पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड वर जातं, कॅल्शियम खाली येतं, किडनी बंद पडायला लागते. किमो सुरू झाल्यापासून १२ ते ७२ तास, काही वेळा किमोच्या आधीच. आईला विचारा, लघवी केली का, तर "हो की केली" म्हणते, त्यावर विश्वास ठेवायचा नाही, भांड्यात मोजायची. आम्ही रोज दोनदा वजन करतो. मूल ओठांभोवती मुंग्या म्हणालं, हाताची बोटं आखडली, चिडचिड वाढली, मॉनिटरवर टी वेव्ह उंच टोकदार झाली, की लगेच कॉल. सलाइनमध्ये पोटॅशियम नको. आणि हे पाहुण्यांना सांगा, भेटायला येणारा प्रत्येक मामा-काका शहाळं आणि केळी घेऊन येतो, ती त्या तीन दिवसांत बंद.

---

ब्रदर_उज्जैन

आम्हाला तर शिकवलं होतं की ट्यूमर लायसिसमध्ये सोडाबायकार्ब घालून लघवी अल्कलाइन करायची. आणि कॅल्शियम कमी आलं तर ग्लुकोनेट द्यायचं. तुम्ही काहीच लिहिलं नाही त्याबद्दल?

---

बालवॉर्ड_सिस्टर

ब्रदर, मलाही तेच शिकवलं होतं, परीक्षेत पण तेच लिहिलंय. आता सरसकट बायकार्ब देत नाहीत, लघवी अल्कलाइन झाली की कॅल्शियम-फॉस्फेट किडनीत बसतं, म्हणजे एक वाचवायला जाऊन दुसरं बिघडतं. ग्लुकोनेटचंही तसंच, नुसता आकडा कमी आहे म्हणून नाही, झटके, बोटं आखडणं किंवा पोटॅशियममुळे ईसीजी बदलला असेल तर, आणि तेही ऑर्डरवर, मॉनिटर लावून. मुख्य औषध भरपूर सलाइन आणि युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा रॅसब्युरिकेस. रॅसब्युरिकेसच्या आधी जी६पीडी (रक्तपेशींतलं एक एन्झाइम) तपासलंय का ते फाइलमध्ये स्वतः बघा, कमतरता असली तर रक्तपेशी फुटतात, लघवी काळी होते, ऑक्सिजन घसरतो. डोसनंतर युरिक ॲसिडचं सँपल बर्फात पाठवायचं, नाहीतर औषध ट्यूबमध्येही काम करत राहतं आणि रिपोर्ट खोटाच कमी येतो. लॅबवाल्याला फोन करून सांगावं लागतं, आमच्याकडे दोनदा सँपल टेबलावर तसंच पडून राहिलं होतं.

---

नवी_सिस्टर_इंदूर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. ताईंचं फोनवरचं वाक्य मी डायरीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलंय.

अजून एक विचारते. आमच्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट खूप आहेत, गुटखावाले, तरुण तरुण मुलं. एकाच्या मानेच्या जखमेतून काल थोडं रक्त आलं आणि आपोआप थांबलं. त्याची बायको म्हणाली ड्रेसिंग ओढलं गेलं असेल. यावरही पळायचं का? आणि दुसऱ्या एका पेशंटचा चेहरा सकाळी सुजलेला असतो आणि दुपारी उतरतो.

---

जुनी_सिस्टर_राजेंद्रनगर

दोन्हीवर पळ. आधी सुजेचं थोडक्यात. फुप्फुसाचा किंवा लिम्फोमाचा पेशंट असेल, किंवा मानेला सेंट्रल लाइन असेल, सकाळी चेहरा आणि डोळे सुजतात, शर्टाचं वरचं बटण लागत नाही, खाली वाकलं की डोकं भरून येतं, मानेच्या आणि छातीच्या शिरा उठून दिसतात, तर एसव्हीसी (डोक्या-हातांकडून हृदयाकडे येणारी मोठी शीर) दबतेय. डोकं वर कर, दोन्ही हातांना बीपीचा कफ नको आणि कॅन्युला पण नको, पायात घे डॉक्टरांना विचारून. श्वास घेताना घर्र आवाज आला किंवा गुंगी आली तर मात्र एक मिनिटही थांबायचं नाही.

आता रक्ताचं. मानेला शेक झालेत, जखम उघडी आहे आणि थोडं रक्त येऊन आपोआप थांबलं, त्याला कधीच "थोडं" समजू नकोस. कॅरोटिड (मानेतली मोठी धमनी) फुटायच्या आधी असा इशारा येतो, काही तासांवर किंवा काही दिवसांवर मोठा येतो. आजच कन्सल्टंटला कळव, जाड कॅन्युला दोन, रक्तगट आणि क्रॉसमॅच, उशाशी सक्शन चालू करून बघितलेलं, गॉजचे गठ्ठे, ग्लोव्हज. आलंच तर बोटांनी आणि गॉजने जागेवर घट्ट दाब, हात काढून बघायचं नाही, दुसरीला ओरडून बोलाव.

आणि घरच्यांशी डॉक्टरांनी आधीच बोलून ठरवलं असेल की आता मोठं काही करायचं नाही, तर ते फाइलमध्ये लिहिलेलं आहे का बघ, झोपेचं औषध लिहून तयार ठेवून घे आणि पलंगाशेजारी गडद रंगाचे टॉवेल ठेव. आमच्याकडे हिरवे आणि मरून असतात, पांढऱ्यावर ते रक्त बघणं त्याच्या बायकोला जन्मभर पुरतं. एकीने त्याचा हात धरून तिथेच थांबायचं, धावपळ दुसऱ्यांनी करायची. मी तीन वेळा थांबलेय.

काकांचं काय झालं गं?

---

नवी_सिस्टर_इंदूर

मानेच्या जखमेचं मी आत्ताच कळवलं ताई, सर बघायला येतायत, सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) करायचं म्हणाले. सक्शन चालू करून बघितलं तर बिघडलेलं निघालं, दुसरं मागवून लावलं.

काकांचे शेक ५ झालेत. डाव्या पायाचा अंगठा थोडा हलवतात, उजवा नाही. दोन-तीन दिवसांत खरगोनला जाणार, कॅथेटर घेऊनच. काकूंना लॉग रोल शिकवतेय, त्यांचा मुलगा आणि सून आले होते, तिघांकडून दोनदा करून घेतला. काका मला म्हणाले, "बेटा, तू उस दिन चप्पल नहीं देखती तो?" मला काही बोलता आलं नाही. घरी गेल्यावर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अजून काय सांगू काकूंना?

---

जुनी_सिस्टर_राजेंद्रनगर

दर २ तासांनी कूस, रात्रीसुद्धा, मुलाने आणि सुनेने पाळी लावून. हवेची गादी भाड्याने मिळते, इंदूरहूनच घेऊन जा म्हण. पोटऱ्यांखाली उशी द्यायची म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत, टाचाही लवकर जातात. माकडहाड रोज सकाळी उजेडात बघायचं, लाल दिसलं तर बोट दाबून बघायचं, बोट काढल्यावरही लाली गेली नाही तर त्या जागेवर पुन्हा झोपवायचं नाही आणि तुला फोन करायचा. गरम पाण्याची पिशवी पायाला अजिबात नको, त्यांना भाजलेलं कळणार नाही, हे काकूंना दोनदा सांग, थंडीत खेड्यात ते हमखास करतात. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, वळवताना पलंगावर ठेवायची नाही. आणि पोट, तीन दिवस साफ नाही झालं तर थांबू नका म्हण. वॉर्डाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून दे, काकू वाचू शकत नसतील तर सुनेच्या फोनमध्ये सेव्ह करून एकदा लावून बघ.